हलकं वांगं

दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर पाटी आली:
हा संगणक पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही.

पात्र नाही.
पारोळ्यात, तहसील कचेरीसमोर, माझ्या दुकानात
हे मी दिवसातून वीसदा लोकांना सांगते.
दाखल्यावर उत्पन्न तीनशे रुपयांनी जास्त निघालं म्हणून,
नावातला एक काना आधारवर नाही म्हणून.
मला कुणी पहिल्यांदाच सांगितलं.

यंत्र बारा वर्षांचं.
धुळ्याहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं.
'न'चं बटण पुसून कोरं झालंय, बोटाला ठाऊक आहे.
त्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

देवयानी, धाकट्या दिरांची, शिरपूरला शिकते.
सुट्टीत आली ती तीन पेनड्राइव्ह घेऊन,
प्रत्येकाला वेगळा दोरा.
"काकू, लगेच बसवायचं नाही. आधी नुसतं चालवून बघ.
नाही पटलं तर काढून घे,
तुझं जुनं सगळं जागच्या जागी."

मला हसू आलं.
आमच्या वेळी स्थळ असं बघायला मिळत नव्हतं.

तांबडा दोरा: उबुंटू.
देखणं, पण पट्टी डाव्या अंगाला उभी.
मी आपली खालच्या कोपऱ्यात बाण नेतेय,
दिवे गेल्यावर पाण्याचा माठ चाचपावा तशी.
आतला पंखा मळणीयंत्रासारखा ओरडायला लागला.

निळा दोरा लावला, तर नुसता काळा पडदा
आणि लुकलुकणारी एक रेघ.
झिपरू आप्पा सातबाऱ्यासाठी स्टुलावर बसलेले,
चष्मा वर करून म्हणाले, "हाई काय शे? बंद पडनं का?"
देवयानीनं ओठ चावला.
"ते माझं आहे. चुकून आलं. दे इकडे."

हिरवा दोरा: मिंट.
बटण खाली डावीकडे. घड्याळ उजवीकडे.
प्रिंटरनं सीडी मागितली नाही,
खरखरला, आणि पान बाहेर.
मी ते उलटून पालटून पाहिलं,
खोटी नोट पाहावी तसं.

मग लग्नपत्रिका उघडल्या.
चि. सौ. कां.च्या जागी डॉलर, टोप्या, उलटी प्रश्नचिन्हं.
बारा वर्षांची लग्नं, एक अक्षर धड नाही.
जुना फॉन्ट, जुनी भाषा, इकडे कुणाला कळत नाही.
देवयानी बरंच काही सांगत होती युनिकोडचं.
मी म्हटलं, चहा सांग आधी.

शेवटी पत्रिकांपुरती जुनी खिडकी ठेवली,
नेटची वायर काढून, अर्ध्या डिस्कवर.
बाकी अर्ध्यात मी नवी.

भरिताचं वांगं घेताना चकाकी बघत नाहीत.
दोन सारखी वांगी दोन तळहातांवर घ्यायची,
हलकं लागेल ते उचलायचं. बी कमी असतं.
हे मी मोठ्यानं बोलले असणार,
कारण आप्पा म्हणाले, "हलकं शे ना? मंग बेस शे."
त्यांना वाटलं मी बाजाराचंच बोलतेय.

देवयानी गेली सोमवारच्या पहिल्या गाडीनं.
दहाला शटर वर केलं, कापसाचा टेंपो धूळ उडवत गेला.
यंत्र म्हणालं, काही अद्ययावत करायचंय, पासवर्ड द्या.
मी टाइप करतेय, पडद्यावर काही उमटत नाही.
अक्षर नाही, चांदणी नाही, ठिपकासुद्धा नाही.
परवा तीनदा थांबले होते याच जागी,
तेव्हा ती म्हणाली होती,
"दिसत नाही म्हणजे पोचत नाही असं नसतं, काकू."

दारात तिघं उभे होते, हातात कागदांच्या पिशव्या.
बसा, म्हटलं.
कोऱ्या 'न'वर बोट ठेवलं, मग उरलेली तीन अक्षरं,
आणि एंटर.